पान सहा, रकाना तीन

वाचनालयात मशीनचा दांडा फिरवतेय.
एकतीस सालचा जुलै सरकतो:
रॉकेलचा भाव, केशतेल, हरवलेली छत्री.

मग पणजोबा.
‘आमचे बंधू झिलू भिकाजी पेडणेकर, मु. नायगाव,
यांस कोणी उधार दिल्यास आम्ही जबाबदार नाही.’
खाली थोरल्याचं नाव.
शब्दाला किती पैसे पडले असतील?

घरी एवढंच सांगत:
गिरणीत त्याच्या करंगळीचं पेर गेलं,
पुढं तो गावी तापानं गेला.

ऑगस्ट. सप्टेंबर. एक पान फाटकं.
ऑक्टोबरात, नाटकाच्या जाहिरातीखाली:
‘शिवडी बंदराजवळ बेवारस प्रेत. वय अदमासे पस्तीस.
उंची पाच फूट चार इंच. डाव्या करंगळीस पेर नाही.
उजव्या हातावर गोंदण, सगुणा.
ओळखणाऱ्याने चौकीत कळवावे.’

पुढच्या अंकात काही नाही.
त्याच्या पुढच्यातही.

बाई पंखे बंद करत येतात, सहा वाजले म्हणतात.
वहीत घाईघाईनं उतरवते: पाच फूट चार.
माझीही तेवढीच.

पणजीचं नाव सत्यभामा होतं.
सगुणा लिहिताना पेन थांबतं.
हिला
कुणी कळवलं असेल?