मिरॉनचं घर मागेच आहे

ऑगस्टात जुनं मशीन रानातच जळालं.
एक बेअरिंग तापलं, एवढंच.
आरशात बघते तर मागून धूर.
पिन ओढून ट्रॅक्टर तेवढा सोडवला
आणि कुंपणापाशी उभी राहून
एकोणीस वर्षांचा सोबती
रबराचा वास सोडत जाताना पाहिला.

आता फेब्रुवारी. बाहेर उणे एकतीस.
टेबलावर तीन माहितीपत्रकं,
मिठाच्या बरणीखाली दाबलेली,
जशी काही उडूनच जाणार होती.
हिरवं, लाल, पिवळं.
विम्याचा चेक तिघांपैकी कुणालाच पुरत नाही.

सासर हिरवं.
वाल्डीच्या आजोबांपासून टोप्या हिरव्या,
कोठारातलं घड्याळ हिरवं,
त्यांच्या शवपेटीवर नातवाने ठेवलेला
खेळण्यातला ट्रॅक्टरसुद्धा.
माहेर लाल.
माझे बाबा, ओरेस्ट हाव्रिल्युक,
बोल्शेविकांना भिऊन देश सोडलेल्या बापाचं पोर,
पण यंत्र म्हटलं की लालच.
तो लूथरन, मी घुमटाच्या चर्चमधली,
छत्तीस वर्षांत देवावरून कधी वाजलं नाही आमचं.
यावरून वाजलं.

पिवळं शेजारच्या बोहदानचं.
तो म्हणतो, पहिल्या मुठीपासून पट्टे आवळतात,
गाभाच दगडासारखा.
बाबांच्या जुन्या लाल यंत्रात
गवत आधी सैल लोळायचं,
मग बाहेरून घट्ट होत जायचं,
आत मऊ. श्वास घेतं, म्हणायचे ते,
ओलं राहिलं तरी लगेच कुजत नाही.
घट्ट गाभा की मऊ गाभा,
रात्रभर हेच घोळवत पडले,
शेजारी वाल्डी पाठ करून जागा.

हिरव्या दुकानातला विक्रेता वाल्डीशीच बोलला.
पडद्यावर आकडे दाखवले,
जाळी किती सेकंदांत गुंडाळते ते सांगितलं,
टोपी दिली, त्यालाच.
मी कोट काढून यंत्राखाली शिरले,
ग्रीसच्या जागा बोटाने मोजल्या.
हात पोचत नाही अशा चार.
मॅडम, कपडे खराब होतील.
वाल्डी म्हणाला, गठ्ठे तीच वळते, मी नुसता कापतो.
विक्रेता दुसरी टोपी शोधायला लागला.

पिवळं दुकान दोन तासांवर.
जुलैतला शनिवार, पश्चिमेला ढग चढलेले,
आणि बेअरिंग फुटलं तर
दोन तास जायला, दोन यायला,
तोवर ओळींमध्ये पाणी.

लाल दुकान म्हणजे एक काउंटर आणि मिरॉन.
सुट्या भागांचा मिरॉन,
चष्म्याची दांडी तारेने बांधलेली.
मी विचारलं, यात मोडतं काय?
त्याने वही काढली.
पट्ट्याचा जोड, तिसऱ्या वर्षी.
डावीकडचा रोलर.
ही साखळी, तेल विसरलात तर नक्की.
तिन्ही मी शेल्फवर ठेवतो.
रविवारी?
घर मागेच आहे. दार वाजवायचं.

परतताना वाल्डी तीस किलोमीटर गप्प.
मग म्हणाला,
मिरॉनचं घर हिरव्या दुकानामागे असतं तर?
तर हिरवं, मी म्हटलं.
खरंच?
खरंच.
त्याने टोपी काढली, मागच्या सीटवर ठेवली.
ठेवली, टाकली नाही.

जुलै. लसूणघासाची पहिली कापणी.
नवं यंत्र लाल, अजून रंगाचा वास.
पहिला गठ्ठा बाहेर आला तो
डावीकडे फुगलेला, उजवीकडे निमुळता,
गाजरासारखा.
वाल्डी कुंपणाशी थांबून पोट धरून हसतोय.
मी उतरून गठ्ठ्याभोवती फिरले.
यंत्राचं काही चुकलं नव्हतं.
जुन्यातूनही असेच पडायचे.
ओळीच्या एकाच अंगाने हाकायची खोड माझी,
ती हिरव्यातून उतरून
तशीच लालवर चढलेली.

पुन्हा बसले.
या खेपेला थोडं इकडून, थोडं तिकडून.

दुसरा जरा बरा.