म्हणावं

सेलूच्या घराला दोन खोल्या
आणि मधे मी, सात वर्षांची.

मोटारी भरायच्या दुकानातून बाप यायचा,
हाताला वार्निशचा वास,
भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगायचा :
वाढ म्हणावं तिला.
माय स्टोव्हपाशी, चार पावलांवर.
ती पंप मारत म्हणायची :
हात धुतले का म्हणावं.

चार पावलांत मी पुष्कळ कामं केली.
भाकर करपलीय म्हणावं,
याचं खरपूस झालीय केलं.
मेले तरी विचारणार नाही म्हणावं,
हे उंबऱ्यातच गिळलं
आणि सांगितलं, माय विचारायली,
डोकं दुखतंय का अजून.
बाप गप्प झाला.
चपलेचा अंगठा बोटानं चाचपत बसला.
मग म्हणाला, नाही म्हणावं.
कमी आहे म्हणावं.

भांडण कशाचं, ते मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
निरोप्यानं विचारायचं नसतं.

दहावीनंतर लातूरला आले, शिकवणीला.
हॉस्टेलच्या जिन्यातून फोन लावला :
माय, बोलता का गं आता तुम्ही दोघं?
"बोलतेत की. न बोलून कुणाला सांगतेत?
मीठ मागतेत, किल्ली मागतेत."
पाठीमागं कुकरची एक शिट्टी झाली.
दुसरी झाली.
"पण अनसू,
तू सांगायचीस तसे
नाहीत गं ते."

माझ्या तोंडाशी काहीबाही आलं.
मधे कुणीच नव्हतं
ते जरा नीट करून
तिला सांगायला.