क्रमशः

महिन्यातून दोनदा, मंगळवारी,
रामबागेच्या उतारावरून एक सायकल यायची.
हँडलला दोन कापडी पिशव्या:
एकीत वाचलेली मासिकं, दुसरीत न वाचलेली.
त्या माणसाचं नाव मला कुणी सांगितलं नव्हतं.
पण गोष्ट ऐन भांडणात तुटायची
तिथे, पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात,
कंसात एक शब्द बसलेला असायचा.
मी सहा वर्षांची. ठरवून टाकलं,
ही त्याची सही.
शेवटची दोन टिंबं म्हणजे चाकं,
सायकल भिंतीला उभी टेकवलेली.

"क्रमशःकाका आले!"
बाबांना हसताना ठसका लागला.
तो माणूस हसला नाही.
स्टँड लावत म्हणाला, "हो, आलो."
मग काय, माझी खात्रीच झाली.

बाबा शिक्षा विभागात कारकून.
पाटीवर तसंच लिहिलं होतं, निळ्यावर पांढरं.
मला वाटे, अख्ख्या इंदूरच्या छड्या
त्यांच्या कपाटात कुलपात असणार,
आणि संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याला येणारा वास
वेताचा.
(तो डिंकाचा होता. हे फार उशिरा कळलं.)

एका उन्हाळ्यात मोरीची भिंत काढली होती.
गवंडी चुन्यावर थापी मारत होता
आणि आत बाबा अग्रलेख मोठ्यानं वाचत होते.
तेव्हापासून तथापि हा शब्द
मला ओला लागतो.
कचेरीच्या पत्रात कुठे दिसला
तर आजही हात पदराला पुसावासा वाटतो.

अच्युत माझ्याहून चार वर्षांनी मोठा,
गल्लीत हिंदी, घरात मराठी,
आणि जिन्यात दोन्हीचं काहीतरी.
किंबहुना त्याला एका वाक्यात सापडली.
त्यानं ती राखीच्या दिवशी मला लावली:
"भिया, ये मेरी किंबहुना."
नळावरच्या पोरांनी मान डोलावली,
हे मराठी लोक बहिणीला असंच म्हणत असतील.
आता तो एडमंटनला असतो, गुडघे दुखतात,
रविवारी फोनवर विचारतो,
"किंबहुना, जेवलीस का?"

आई मासिक हातात घ्यायची नाही.
ती शेवेच्या पुड्या वाचायची.
कागद ताटाच्या काठावर सपाट करून,
तेलानं पलीकडची ओळ अलीकडे आलेली,
ती दोन्ही ओळी एकदम वाचायची
आणि म्हणायची, "बघ, बाई विहिरीत पडली
आणि भाव साडेतीन रुपये."
पुढे काय झालं विचारलं
तर पुढची शेव आणल्यावर बघू.

बाबा गेले ते पौषात.
पुण्याहून मावसबहीण आली, नलू.
आई ओट्याला टेकून म्हणाली,
"घर कसं खाली झालं गं."
नलू जमिनीकडे बघू लागली.
फरशीकडे. मग आईच्या पायांकडे.
मी दुरुस्त करणार होते, आमच्याकडे खाली म्हणजे…
पण आईही तेव्हा
तिथेच बघत होती.

तेराव्यानंतरचा मंगळवार.
सायकल फाटकाशी थांबली, घंटी वाजली नाही.
मासिक परत द्यायचं राहिलं होतं,
दंड झाला असणार, त्यांनी वही काढलीच नाही.
आई बाहेर गेली. जुनं दिलं.
त्यांनी न वाचलेल्यांच्या पिशवीत हात घातला,
क्षणभर तसाच ठेवला,
मग एक काढून तिच्यापुढे धरलं.
"वहिनी, नाव कुणाचं लिहू?"
तेव्हा पहिल्यांदा मला वहीवर त्यांचं नाव दिसलं,
वि. गो. महेश्वरकर,
टिंबं दोन होती, पण आडवी, लांब लांब.

मासिक बाबांच्या खुर्चीत पडून राहिलं.
शनिवारी मी झाडायला उचललं
तर मधे शेवेच्या पुडीचा तुकडा,
पान सत्तेचाळीस,
आणि त्या पानाला, कडेला,
बोटाएवढा तेलाचा डाग.