घडी

व्हाइस ॲडमिरल लॉकलन मॅकइनिस, निवृत्त,
यांच्या निरोपाच्या जेवणाचं बोलावणं आलं
तेव्हा मी आधी पाकिटावरचा पत्ता तपासला.
डार्टमथ, बरोबर. ओडेट कोमो, तेही बरोबर.
तीस वर्षांत त्यानं मला एक ओळ लिहिली नव्हती,
आणि मी तरी कुठे.

मी पॅराशूटच्या घड्या घालायचे.
लांबच लांब टेबल, खिडकीला नाक लावून बसलेलं धुकं,
आणि नायलॉन इतकं गुळगुळीत
की दुपारपर्यंत बोटांना बोटं कळेनाशी व्हायची.
घडीवर घडी, दोऱ्या मोजून, वर शिशाचं सील,
कार्डावर तारीख, खाली माझी सही.
घडी चुकली की कुणाची तरी घटका भरली,
एवढंच ते काम.

तो यायचा केप ब्रेटनचे हेल काढत,
बाप कोळशाच्या खाणीत, आई गेलिकमध्ये शिव्या देणारी,
खिशात तिच्याच हातच्या ओटच्या वड्या, कागद तेलकट.
"उघडेल ना?"
"नाही उघडलं तर परत आणा, बदलून देऊ."
रोज तोच विनोद, रोज तो हसायचा.
सिलास वेंटझेल हसायचा नाही.
त्याच्या घरी बैल होते;
पाठीवर घेण्याआधी तो पॅराशूटवर
हलकेच एक थाप मारायचा.

उतरायची रीत त्यांची उलटी.
चाकं डेकला लागली की कुणीही थांबायचं बघेल,
हे इंजिनाला पूर्ण जोर देणार,
कारण शेपटीचा आकडा तारेत अडकला नाही
तर पुढे नुसता समुद्र, आणि पुन्हा उडणं आलं.
लॉकलननं हे मला टेबलावर वडी सरकवून दाखवलं.
वडी खाली पडली. फुंकर मारून खाल्ली त्यानं.

नोव्हेंबरात दोघं गेले, एक आला.
तीन दिवस शोधलं: तेलाचा डाग, एक हातमोजा.
चौकशी समितीनं माझं कार्ड मागवलं.
दोष आढळला नाही, असं लिहिलं.
आढळायला पॅराशूट होतं कुठे त्यांच्याकडे?

पुढचं सगळं मी वर्तमानपत्रात वाचलं.
जेट विमानं गेली, मग जहाजच विकलं,
कुठल्याशा दूरच्या बंदरात कापलं म्हणे,
आणि आभाळातला माणूस पाण्यावर आला,
कोवळ्या पोरांबरोबर बादलीत ओकत नव्यानं शिकला;
मग स्वतःचं जहाज, मग ताफा,
मग ओटावातलं टेबल, जिथून समुद्र
आगगाडीनं एक रात्र लांब.
त्याच्या बाहीवर सोनेरी पट्टे चढत गेले,
माझ्या बोटांत संधिवात.

जेवणाला दोनशे माणसं. मंत्र्यांचं भाषण लांबलं.
ते संपतंय असं वाटलं की दर वेळी
लॉकलनची डावी मूठ टेबलावरून पुढे सरकायची,
पूर्ण जोर.

मग तो माझ्या खुर्चीपाशी आला, वाकला.
"उघडलं होतं," म्हणाला. नाव नाही, तारीख नाही.
"मी पाहिलं. पांढरं, पूर्ण गोल.
कागदावर दिलं असतं
तर त्याची आई अजून दारात उभी असती."

त्या रात्री धुकं होतं.
हवामानाची नोंद मला पाठ आहे,
दोनशे यार्डांपलीकडचं काही दिसत नव्हतं.
आणि इतकी वर्षं परक्या आयांना
पत्रं लिहीत आलेल्या माणसाला
कुठलं वाक्य कुठे ठेवावं, हे कळत असणारच.

मी विचारलं नाही.
मांडीवरच्या रुमालाची कधी घडी झाली कळलं नाही,
काठाला काठ, दोऱ्या असत्या तर मोजून.
त्यानं खाली पाहिलं,
घडीवर हलकेच एक थाप मारली
आणि पुढच्या टेबलाकडे गेला.