खोली रिकामी करताना

भाडं पाच तारखेला.
एकदाच सहा झाली, पगार अडकला तेव्हा,
तेही आधी सांगून.
खिळा एकही ठोकला नाही.
कॅलेंडर दाराच्या कडीला,
आरसा खिडकीच्या गजाला टेकवलेला,
भांग पाडायचा तर वाकून.
कवडूजींच्या धानाची पोती दारात आली
तेव्हा आडवी होऊन निघत राहिले, बोलले नाही.
बोअरची मोटर त्यांची, बटण माझ्या खोलीत.
टाकी भरली की पलीकडून वच्छलाबाईंची हाक :
"बंद करा जी, मॅडम!"

चूक झाली ती मे महिन्यात.
कूलर भिंतीला चिकटवून लावला.
वाळ्याच्या ताट्या भिजत राहिल्या,
नाइट ड्यूटीवरून येऊन मी झोपत राहिले,
आणि ओल चढली
गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी.
दोनदा चुना मारला.
दोनदा डाग वर आला.

आज सामान टेम्पोत.
कवडूजींनी कोपरे पाहिले, फळी पाहिली.
कोणी राहून गेलं असं कुठंच दिसेना.
मग डाग मीच दाखवला.
म्हटलं, चुन्याचे पैसे कापा अनामतीतून.

त्यांनी नोटा थुंकी लावून मोजल्या,
पुऱ्या दिल्या.
"राहू द्या तो," भिंतीवर तळवा ठेवून म्हणाले,
"मॅडम होत्या अथी, मंग लेकराइले काय दाखवू?"

काय बोलावं सुचेना.
तेवढ्यात पलीकडून हाक : "मॅडम, टाकी!"
किल्ली दिलेल्या खोलीत
मी धावले,
चपला बाहेर काढून.