काडेपेटीवरचा देश

स्वीडन म्हणजे काय, हे साखर पेठेत
चहावाल्या नागव्वाला आधीच ठाऊक होतं:
दमट हवेतही पहिल्या फटक्यात पेटणारी काडी.
येमूल फिटरलाही ठाऊक होतं:
शाफ्टच्या पोटातलं तिथलं बॉल बेअरिंग,
ग्रीस लावलं की महिनाभर कुरकुर नाही.

पेपर दोन दिवसांचा शिळा, पुण्याहून आलेला.
पहिलं पान येरवड्याच्या उपासानं भरलेलं,
ते चिदानंद मास्तरांनी दोनदा वाचलं, सावकाश.
मग आतल्या पानावर, केसगळतीच्या तेलाखाली
झिजल्या खिळ्यांत चार ओळी:
स्वीडनात पार्लमेंटची निवडणूक,
मजूर पक्ष सर्वांत पुढे.

"मजूर म्हंजे? आपल्यासारखे?"
"सूत कातणारे, लाकूड कापणारे, सगळे."
"मत द्यायला घरपट्टी किती भरायची?"
मास्तर ओळीवर बोट ठेवून थांबले.
"तसं काही लिहिलं नाही बे."
मग चष्मा पुसत, पेपरात नसलेलं एक:
"बायकासुद्धा देतात तिथं."
नागव्वा कप विसळत होती.
पाणी जरा मोठ्यानं वाजलं.

गेल्या साली त्याच देशात
संपवाल्यांच्या मोर्चावर लष्करानं गोळी घातली.
पाच मेले. एक पोरगी तर
नुसती बघत उभी होती.
हे मास्तर इतक्या हळू बोलले
की भट्टीवरचं आधण ऐकू आलं.
दोन सालांमागच्या मे महिन्यात
इथं डोक्यावर पांढरी टोपी असणं हा गुन्हा होता.
येमूलची अजून जोंधळ्याच्या कणगीत आहे.
"तिथं गोळीनंतर पेट्या आल्या," तो म्हणाला,
"इथं..."
आणि पट्टा निसटावा तसं वाक्य निसटलं.

मग त्यानंच नागव्वाची काडेपेटी उचलली.
रुपयामागं दोन आणे कपात झालेली,
साहेबाकडे जायचं की नाही?
जायचं, तर अख्खी काडी. नको, तर मोडकी.
साखरेचा रिकामा डबा मोरीकडे तोंड करून ठेवला,
एकेकानं पाठ फिरवून टाकायचं.
मी मोजायला. वय पंधरा,
स्वीडनातही मला मत नसतं.

माणसं बारा.
काड्या तेरा निघाल्या.
नऊ अख्ख्या, चार मोडक्या.
मी पुन्हा मोजल्या, तरी तेराच.
मास्तर छताकडे बघत राहिले,
येमूलनं नाक पुसलं,
आणि मोरीशी नागव्वा
एकच कप कितीतरी वेळ विसळत होती.

भोंगा झाला. सगळे उठले.
सोमवारी साहेबाकडे नेमकं कोण जाणार
हे ठरायचं राहूनच गेलं.

पहाटे तिनं त्याच काड्यांनी भट्टी पेटवली,
दोन पैशांची पेटी, वाया कोण घालवणार.
मोडक्याही पेटल्या.
बोटांना चटका तेवढा लवकर बसला.