तडा

डिस्क आधी नुसती कण्हत होती.
टक्, टक्, थांबून पुन्हा टक्,
भरतीला होडी जेटीच्या खांबावर आपटते तशी.
मी ऐकलं, आणि पंखा मोठा केला.

दाभोळच्या खाऱ्या हवेत
बिजागरी टिकत नाही, तिथे डिस्कचं काय.
अकरा वर्षांचे चेहरे होते तिच्यात.

दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चार हजारांचं.
भाचा म्हणाला, मामा, क्रॅक मिळतो की फुकट,
फक्त अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद ठेवायचा.
मीच बंद केला.
कुत्रा बांधला आणि चोराला ओटीवर बसवलं,
हे आता म्हणतो. तेव्हा चहा पीत होतो.

सकाळी प्रत्येक फोटोच्या नावाला
न वाचता येणारं शेपूट,
आणि एक चिठ्ठी, फार नम्र: पैसे भरा.

क्रॅक म्हणजे तडा.
पाचवीतच शिकवला होता हा शब्द.

त्याच दिवशी हमीदा सोलकर आली.
बुडालेल्या भावाचा फोटो मोठा करून हवा होता,
सोसायटीच्या ओळखपत्राचा. दुसरा नाहीच.
म्हटलं, उद्या ये.
असं सहा वेळा म्हटलं.

चिपळूणचा हेरंब खातू डिस्क कानाशी धरून म्हणाला,
आजारी डिस्कवर काही लिहायचं नसतं.
आधी अख्खी नक्कल दुसरीवर,
मग काय ते प्रयोग नकलेवर.
त्याला फुकटची साधनं आहेत, राजरोस फुकट,
कोड कुणीही उघडून वाचावा अशी.
चोरून कशाला आणलंस?

मी मान खाली घातली.
गळकी होडी आधी वाळूवर ओढतात,
खाडीच्या मध्यावर कुणी फट भरतं का?
आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

कुलूप काही उघडलं नाही.
पण जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड
ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात टाकलेलं, विसरलेलं.
खातूने त्याची नक्कल काढली, रात्रभर चाळली.
पुसलेल्यांतून एकेचाळीस चेहरे वर आले,
काही अर्धेच, खाली राखाडी पट्टा.

आता दर शनिवारी एक डिस्क
फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला जाते,
बहिणीच्या कपाटात, साड्यांखाली.

हमीदाच्या भावाचा फोटो ओठांपर्यंतच आला.
मी सांगायला लागलो, हनुवटी काही...
ती बघतच राहिली. मग म्हणाली,
असू दे. दाढी राखली होती त्याने शेवटी.
हनुवटी आम्हालाही कुठे दिसत होती.